शांघाय कधीच पूर्ण वसाहत नव्हतं. मग तिथल्या कादंबऱ्यांना वसाहतोत्तर वाचन, म्हणजे साहित्यात वसाहती सत्तेचा ठसा शोधणारं वाचन, लागू पडतं का?

लागू पडतं, पण मुंबई-कलकत्त्यावरून बेतलेली चौकट जशीच्या तशी उचलून नाही. १८४२च्या नानकिंग तहाने शांघाय परकी व्यापाराला खुलं झालं आणि पुढे १९४३पर्यंत आंतरराष्ट्रीय सेटलमेंट (परकीयांच्या कारभाराखालची वस्ती), फ्रेंच हद्द आणि चिनी शहर असे वेगवेगळे कारभार शेजारीशेजारी चालले. म्हणून अभ्यासक ‘अर्धवसाहत’ म्हणतात. शू-मेई शी यांचं २००१चं पुस्तक याच मुद्द्यावर उभं आहे. चिनी लेखक माओ दुन यांची शांघायवरची कादंबरी ‘मध्यरात्र’ (१९३३) घ्या. सुरुवातीलाच एका इमारतीच्या माथ्यावर निऑनची पाटी लखलखते, ‘लाइट, हीट, पॉवर’, आणि मूळ चिनी मजकुरात हे शब्द चक्क इंग्रजीत छापलेत. गावाकडून आलेला म्हातारा वू या झगमगाटाने गांगरतो नि पहिल्याच रात्री दगावतो. मात्र ‘शांघाय मॉडर्न’मध्ये (१९९९) अभ्यासक लिओ ओ-फान ली वेगळं मांडतात: शांघायचे लेखक परकी पुस्तकं-सिनेमे मनसोक्त पचवत, पण स्वतःच्या चिनीपणाबद्दल त्यांना शंका नव्हती. कॅफे-सिनेमागृहांच्या शांघायबद्दल मला ली पटतात. ‘मध्यरात्र’मधल्या रेशीम गिरणीच्या संपाला मात्र ते पुरत नाहीत.