कंसातले आठ हजार

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, मी कापून देतेय:

"ताई, वय ३९, कंपनीत सुपरवायझर आहे, हातात ५८ हजार येतात. घराचा हप्ता १६,५००. पर्सनल लोनचा ७,२००. क्रेडिट कार्डावर १ लाख ८६ हजार बाकी आहेत, त्याचा मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला कमीत कमी भरावेच लागतात ते, ९,३०० जातात. (गावी, तासगावला, दादाला दर महिन्याला ८ हजार पाठवतो, ते धरू नका, ते कर्तव्य आहे. तो कधी मागत नाही.) राहिलेल्यात घर चालत नाही, शेवटच्या आठवड्यात किराणा, पेट्रोल कार्डावर जातं, चार-साडेचार हजार तरी. पर्सनल लोन तीन वर्षांपूर्वी कार्ड फेडायलाच काढलं होतं, तेव्हा कार्ड शून्य झालं होतं, परत भरलं. बायको समजूतदार आहे, माझ्या पाटल्या मोडा म्हणते. दादा गावात सगळ्यांना सांगतो धाकट्याचं पुण्यात बरं चाललंय, त्यामुळे तिकडे काही बोलता येत नाही. आता पीएफमधून काढू, पाटल्या मोडू, की अजून एक मोठं लोन काढून सगळं एकात करू? आधी काय फेडू?"

अरे बाबा, आधी तो कंस काढ.

(तुला अरे-तुरे करतेय, चालवून घे, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.)

पत्रात तू बाईकच्या इन्शुरन्सपासून पोरीच्या स्केटिंगच्या फीपर्यंत सगळा हिशोब दिलायस, जिमचे अकराशे बंद केले म्हणून शाबासकी पण मागितलीयस, आणि पगाराचा जवळजवळ सातवा हिस्सा कंसात टाकून मला सांगतोयस धरू नका. का नको धरू? बँक धरते ना. तीन वर्षांपूर्वी तुझं कार्ड शून्य होतं. तेव्हापासून तू दादाला छत्तीस वेळा आठ हजार पाठवलेस, म्हणजे २ लाख ८८ हजार, आणि कार्डावर उभे राहिलेत १ लाख ८६ हजार. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघ. तू उधळ्या आहेस असं पत्रात चार वेळा लिहिलंयस पण मला कुठे उधळपट्टी दिसली नाही, किराणा आहे, पेट्रोल आहे, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तू उसने पैसे घेऊन मनीऑर्डर करणारा माणूस आहेस, एवढंच.

उसने पण कसले बघ. तुझ्या स्टेटमेंटवर महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय, तूच फोटो पाठवलायस. वर्षाचे झाले ४२, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पन्नासला टेकलंच. ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं गैर आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मधे रद्द केलं, तेव्हा तिकडून कोणी वाचवायला येईल ही आशा सोड. आणि मागची बाकी असताना नवीन खरेदीला ते पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून. तुमच्या घरात तूरडाळ सुद्धा व्याजाने शिजतेय.

तू ९,३०० भरतोस त्यातले साधारण ७,७०० व्याज आणि त्याच्या करात जातात. मुद्दलात सोळाशे. आणि त्याच महिन्यात तू परत साडेचार हजार चढवतोस. कशी उतरणार बाकी?

हेच व्याज गावच्या भाषेत सांगू का, शेकडा साडेतीन. उद्या तू तासगावात कोणा सावकाराकडून शेकडा साडेतीनने पैसे उचललेस आणि ते आणून दादाच्या हातात ठेवलेस तर दादा काय करेल? कानाखाली काढेल तुझ्या. आणि तू तीन वर्षं नेमकं हेच करतोयस, फक्त सावकाराच्या ओट्यावर जावं लागत नाही म्हणून कुणाला दिसत नाही.

आता तू म्हणशील ताई, दादाने बारावीनंतर कॉलेज सोडलं म्हणून माझा डिप्लोमा झाला. वाचलं मी ते. ते ऋण खरं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ते तुझ्या कमाईतून फेड ना, बँकेच्या खिशातून कशाला. आणि ज्या वाक्यावर मी दोन दिवस अडकलेय ते वेगळंच आहे. तो कधी मागत नाही. अरे मग तुला कोणी सांगितलं की त्याला ते हवेत? तीन एकर द्राक्षबाग आहे, दोन म्हशी आहेत, वहिनी अंगणवाडीत आहेत, हे सगळं तूच लिहिलंयस. असेलही त्याला गरज, द्राक्षाचं काही सांगता येत नाही, एक अवकाळी आला की वर्ष गेलं. पण तुला माहीत नाहीये! दहा वर्षात एकदाही विचारलं नाहीस. कारण विचारलं असतं आणि तो "नको रे" म्हणाला असता तर मग पुण्याचा धाकटा कशाने ठरला असतास? रागावू नकोस, पण त्या आठ हजारातले निम्मे तरी त्या "बरं चाललंय"साठी जातात.

हे मी तुला ऐकवतेय कारण मी स्वतः केलंय. माझं माहेर संगमनेरकडे, मी लग्नानंतर ठाण्याला. दर मे महिन्यात माहेरी जायचं म्हणजे भरगच्च जायचं, वहिनीला भारी साडी, भाच्यांना कपडे, दादाला कधी घड्याळ तर कधी मिक्सर, आणि हे सगळं ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून, जे पुढच्या एप्रिलपर्यंत पगारातून कापलं जायचं आणि मे मधे परत नवीन. आठ-नऊ वर्षं चाललं. एकदा वहिनीने काहीतरी काढायला लोखंडी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यात माझ्या साड्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, दुकानाच्या घड्या तशाच. एकीलाही फॉल लावलेला नव्हता. मी चिडले, म्हणलं आवडत नाहीत तर सांगायचं ना. तर ती बाई शांतपणे म्हणाली, "ताई, आवडायचं राहू द्या. तुम्ही एवढं आणता, मग जाताना तुमच्या पोरांच्या हातावर मलाही तसंच ठेवावं लागतं. ते मी दरवर्षी बचत गटातून उचलते. शेकडा दोनने."

म्हणजे मी पतपेढीतून काढून तिला द्यायचे, ती बचत गटातून काढून मला द्यायची, दोघी वर्षभर हप्ते फेडायचो आणि दोन्ही घरात कौतुक की नणंद-भावजयीचं किती छान आहे. त्या दिवशी आम्ही दोघी कपाटासमोर फरशीवर बसून आधी भांडलो आणि मग वेड्यासारख्या हसलो. त्यातल्या चार साड्या मी परत आणल्या, दोन अजून नेसते.

तुझ्या दादाकडे असं काही निघेल असं मी म्हणत नाहीये. पण कपाट तर उघड.

बायकोबद्दल. तुला वाटतंय मी तिचं कौतुक करेन. नाही करणार. आईने घातलेल्या पाटल्या मोडायला ती तयार आहे पण दादाच्या आठ हजारांबद्दल तिने चकार शब्द काढलेला नाही, कारण तो विषय काढला की ती घर फोडणारी ठरेल, आणि तू पण तिला समजूतदार समजूतदार म्हणत त्याच खोलीत कोंडून ठेवलंयस. सोनं देणं तिला सोपं वाटतंय यावरून तुमच्या घरात काय बोलायला बंदी आहे ते कळतं. आणि दादालाही मी मोकळं सोडणार नाही. दहा वर्षं सात तारखेला मोबाईल वाजतो, आणि "तुझं भागतंय का रे" हे एकदा विचारायला काय झालं होतं?

आता तुझे प्रश्न. पाटल्या नाही. पीएफ नाही. मोठं लोन तर अजिबात नाही, एकदा कार्ड लोनने धुतलंस ना, काय झालं, लोन पण राहिलं आणि कार्ड पण भरलं. कारण भोक बुजवलंच नव्हतं. भोक आठ हजाराचं आहे आणि त्याला तू कर्तव्य म्हणतोस म्हणून त्याला हात लावत नाहीस.

ते आठ हजार थांबवले तर काय होतं ते मी मांडून बघितलं. त्यातले साडेचार हजार घरात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कार्ड काढायची वेळ येणार नाही. उरले साडेतीन, ते त्या ९,३०० मधे घालून दर महिन्याला १२,८०० कार्डावर. बाकी कमी होईल तसा मिनिमम ड्यू पण कमी दाखवतील, त्या आकड्याकडे बघायचं सुद्धा नाही, १२,८०० म्हणजे १२,८००. एका वर्षाने बाकी १ लाख ८-१० हजारावर येते. तोवर तुझं पर्सनल लोन संपतं, चार वर्षांचंच आहे ते, मग त्याचे ७,२०० पण इकडेच. एकोणिसाव्या महिन्यात कार्ड शून्य. दिवाळीचा बोनस टाकलास तर आधीच. पाटल्या बायकोच्या हातात.

आणि शून्य झालं की कार्ड बंद करायचा अर्ज त्याच दिवशी, ठेवू नकोस अडीअडचणीला म्हणून, मागच्या वेळी अडीअडचणीलाच ठेवलं होतंस. बाकी नसेल तर त्यांना सात कामकाजाच्या दिवसात बंद करावं लागतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुला द्यायचे, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तोवर फोनमधल्या शॉपिंगच्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाक. आत्ता गणपती झालेत, सेलचे मेसेज यायला लागले असतील.

पण ह्या सगळ्याला अर्थ तेव्हाच जेव्हा तू तासगावला जाशील. फोनवर नाही. फोनवर तू "दादा जरा ह्या महिन्यात ॲडजस्ट कर" म्हणशील, तो "बरं बरं" म्हणेल आणि पुढच्या सात तारखेला तुझा हात परत मोबाईलकडे जाईल, मी ओळखते तुला. पुढच्या सात तारखेच्या आतला शनिवार धर. बँकेत ते ऑटोमॅटिक जाणारं जे लावून ठेवलंयस ते निघायच्या आधी बंद कर, नंतर नाही. कार्डाच्या स्टेटमेंटची प्रिंट काढून घे. एकटा जा, पोरं बरोबर असली की तू विषय टाळशील. आणि जाताना रिकाम्या हाताने जा, बाकरवडीचा पुडा सुद्धा नको, कारण तो पुडा हातात असला की तू परत पुण्याचा धाकटा होणार.

रात्री जेवणं झाल्यावर दादा अंगणात बाजेवर बसेल तेव्हा तो कागद त्याच्या हातात दे. सिबिल, मिनिमम ड्यू असलं काही बोलायचं नाही. म्हण, दादा, माझ्यावर शेकडा साडेतीनचं कर्ज आहे, एकोणीस महिने मी पैसे पाठवणार नाही. बस. "जमेल तसे पाठवीन" हे शेपूट लावायचं नाही. शेतकरी माणूस आहे, शेकडा साडेतीन म्हणजे काय हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. आणि तुझ्या आठ हजारावर खरंच त्याचं काही अवलंबून असेल तर ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आहे, फवारणीच्या औषधांच्या दुकानातली उधारी किती करायची हे त्याने आत्ताच ठरवलेलं बरं, नोव्हेंबरमधे तू अचानक हात वर करण्यापेक्षा. ते त्याच्यावरही उपकारच.

वाईट वाटेल त्याला. कदाचित चिडेल, आधी का नाही बोललास म्हणून. चिडू दे, ते ऐकायला तू जातोयसच. आणि वहिनी आतून ऐकत असतील, त्यांना बाहेर बोलव, त्यांच्याही समोर सांग.

रविवारी रात्रीच्या गाडीने परत ये आणि सोमवारी मला दोन ओळी लिही, दादा काय म्हणाला ते. कंसात नको.