एलएसईच्या (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) ‘ग्लोबल मीडिया अँड कम्युनिकेशन्स’ या अभ्यासक्रमात खरंच दोन पदव्या मिळतात का?

हो, मिळतात: पहिलं वर्ष लंडनला, त्याची एलएसईची एमएस्सी, दुसरं वर्ष लॉस एंजेलिसच्या यूएससीत (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया), तिथली एमए. शांघायचं फुदान विद्यापीठ आणि केप टाउन विद्यापीठ यांच्याशीही अशीच जोडी आहे, पण प्रत्येक जोडीचा अभ्यासक्रम स्वतंत्र, त्यामुळे निवड अर्ज भरतानाच करावी लागते. खरी ओढाताण पैशांची होते. यूएससी निवडलं तर ब्रिटनपाठोपाठ अमेरिकेचा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. त्यासाठी विद्यापीठाकडून मिळणारा आय-२० हा फॉर्म पुरेसा निधी दाखवल्याशिवाय हाती पडत नाही. म्हणून शैक्षणिक कर्ज दोन्ही वर्षांचं एकदमच मंजूर करून घ्या. मात्र एलएसईतलं वर्ष सिद्धांत, संशोधनपद्धती आणि प्रबंधाचं असतं. कॅमेरा, संकलन, बातमीदारी शिकायची असेल, तर हा अभ्यासक्रम घेऊ नका.