वेगळे काढलेले दाणे

प्रश्न : ताई, आम्ही घणसोलीला राहतो. मिस्टर तुर्भ्याच्या दाणा मार्केटात हमाली करतात, रोज काम मिळेलच असं नाही. मी दोन घरी स्वयंपाकाला जाते. रेशनवर चौघांचं वीस किलो धान्य फुकट मिळतं. पण तांदळात काही दाणे वेगळेच असतात, पाण्यावर तरंगतात. चाळीतल्या सगळ्या म्हणतात प्लॅस्टिक आहे, म्हणून मी निवडून टाकते. मुलगी चौदाची. हिमोग्लोबिन नऊ आलं. पोटभर जेवते तरी असं का? वर ती मलाच विचारते, भारत जगात सगळ्यात जास्त तांदूळ बाहेर विकतो, मग आपल्याला कमी कसलं?

उत्तर : आधी ते दाणे. टाकू नका हो! तो तांदूळच आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून, शेवया पाडतात तसे यंत्रातून दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो मिसळतात. म्हणून ते दिसायला वेगळे आणि वजनाला हलके. २०२१ च्या १५ ऑगस्टला घोषणा झाली, मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने हा तांदूळ रेशनवर आणि शाळा-अंगणवाडीच्या आहारात आला. समजावून सांगायला मात्र कोणी आलं नाही.

मी कळव्याला अंगणवाड्यांची मुख्य सेविका होते तेव्हा बाया हे दाणे कागदाच्या पुडीत बांधून आणायच्या आणि माझ्या टेबलावर आपटायच्या. एकदा नुसते तेच दाणे सगळ्यांसमोर शिजवले. मऊ झाले, बोटाने चिरडले, मी खाल्ले. पाणचट भात लागला. तरी एक आजी म्हणाल्याच, "बाई, तुला पगार आहे, तू खाणारच." तुम्हीही वाटीभर शिजवून बघा. भाताचं पाणी मात्र ओतून देऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा.

पण एवढ्या दाण्यांनी नवाचे बारा होणार नाहीत. तिच्या वयाला बाराच्या खाली म्हणजे रक्त कमीच. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती रक्त कमी होऊ नये म्हणून. झालेलं भरून काढायला डोस वेगळा लागतो. पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात न्या. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का, तेही तिथे सांगा. लाजू नका, तिलाही लाजू देऊ नका.

आता पोटभर जेवूनही असं का. ती काय जेवते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण इतक्या वर्षांत इतकी ताटं पाहिलीत की ओळखते : भात, चपाती, बटाट्याचा रस्सा, वर चहा. पोट भरतं, रक्त भरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२४ सालचे दोन आकडे आहेत. जगात उपाशी माणसं सुमारे ६७ कोटी, आणि सकस जेवण परवडत नाही अशी सुमारे २६० कोटी. तुमची लेक या दुसऱ्या आकड्यातली. रेशनने भात-चपातीची सोय केली. वरण, भाजी, अंडं बाजारातून आणायचं, आणि काम बुडालं की आधी तेच सुटतं.

तिचा प्रश्न हुशारीचा आहे. तिला सांगा, तांदूळ आपला आहे. २०२३ च्या जुलैत आपण साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तर जगभर भाव चढले. वरणाचं तसं नाही. तूर आपल्याला पुरत नाही, ती मोझांबिक, टांझानिया, म्यानमारहून आणावी लागते. बाबा उचलतात त्यातल्या काही पोत्यांत तीच असेल. तेलाचंही तेच, पाम इंडोनेशिया-मलेशियाचं. सूर्यफुलाचं बरंचसं युक्रेन-रशियाहून यायचं. २०२२ ला तिकडे युद्ध पेटलं तेव्हा तेलाची पिशवी कितीला झाली होती, आठवतंय ना?

म्हणून तूर महागली की तिच्यामागे धावू नका. चवळी, मटकी, काळे चणे भिजवा, मोड आणा, उसळीवर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागतं, चहामुळे अडतं. चहा जेवणानंतर तासाभराने. खात असाल तर सुका जवळा कांद्यावर परता. माठ-राजगिऱ्याची जुडी रात्री उशिरा उतरत्या भावात मिळते. बीटाच्या रसावर पैसे घालवू नका. लाल रंगाला भुलून लोक पितात, लोह त्यात फारसं नसतं.

प्रश्न : आमचं रेशनकार्ड जालना जिल्ह्यातलं, राहतो दिव्याला भाड्याने. इथे धान्य मिळेल का? अर्धं कुटुंब गावी आहे.

उत्तर : मिळेल. एक देश एक रेशनकार्ड म्हणतात ते हेच. कार्डाला आधार जोडलेलं हवं, मशीनवर अंगठा लागतो. तुमचा वाटा इथे उचला, गावच्यांना त्यांचा तिथे घेऊ दे. दुकानदार "यादीत नाव नाही" म्हणाला तर कार्डाचा बारा आकडी नंबर मशीनमध्ये टाकायला सांगा. तरी ऐकेना तर रेशनच्या तक्रारीसाठीच्या १९६७ नंबरला फोन लावा, दुकानात उभं राहूनच.