पहिला फिटनेस बँड घेताना

तुमचा व्यायाम ठाण्यातील उपवन तलावाभोवती चालण्यापुरता असेल, तर स्वतःचे जीपीएस नसलेला साधा बँड पुरेसा आहे, कारण फोन खिशात असतोच. फोनशिवाय धावणार असाल तर मात्र जीपीएससाठी जादा पैसे मोजावेत, आणि येऊरच्या दाट झाडीत नोंदवलेला मार्ग थोडा वाकडातिकडा दिसला तरी बँडला दोष देऊ नये.

बँडच्या तळाशी असलेले हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात आणि रक्तप्रवाहानुसार परतणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून हृदयाचे ठोके मोजले जातात. त्यामुळे पट्टा सैल असला की आकडे भरकटतात. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, व्यायामापुरता जरा घट्ट, असा तो बांधावा. वजन उचलताना मनगट वाकते, तेव्हा या आकड्यांवर विसंबू नये. ठोक्यांची नेमकी नोंद हवीच असल्यास छातीला बांधायचा पट्टा घ्यावा. ठाण्याच्या दमट हवेत सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठते, म्हणून घरी आल्यावर तो धुऊन, मनगट कोरडे करूनच पुन्हा चढवावा.

१०,००० पावलांचा धाक बाळगू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधील पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या विक्रीतून रूढ झाला. (घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून दुचाकी हाकतानाही काही बँड पावले मोजून टाकतात, हे वेगळेच.) पहिले दोन आठवडे दिनक्रम न बदलता केवळ नोंद होऊ द्यावी आणि मग त्या सरासरीत हजारभर पावलांची भर घालावी.