एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे, डायनोजेस्टच्या गोळ्या घेतल्यावर दिवस राहायला मदत होईल का?

नाही. डायनोजेस्ट, डॅनॅझॉल, ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं यांनी पाळीतलं दुखणं कमी होतं, पण ती घेताना स्त्रीबीज बाहेर पडणंच दबतं. म्हणजे तेवढे महिने वाया! थांबवल्यावरही शक्यता वाढत नाही. युरोपातल्या एश्रे या वंध्यत्व-उपचार तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही निव्वळ गर्भधारणेसाठी ही औषधं देऊ नका असंच सांगतात.

आजार सौम्य असेल तर लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनने बीज वाढवून आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) करतात, त्याचा उपयोग होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनचाही होतो, मात्र चॉकलेट सिस्ट (या आजारात बीजांडकोशात होणारी जुन्या रक्ताची गाठ) काढताना बीजांचा साठा घटू शकतो, म्हणून आधी एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. वय पस्तिशीपुढे किंवा गर्भनळ्या बंद असतील तर आयव्हीएफबद्दल (टेस्ट ट्यूब बेबी) डॉक्टरांना लवकर विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका.