ऑरगॅनिक सुपरकंडक्टरला 'अनकन्व्हेन्शनल' का म्हणतात?

प्रश्न असा होता की कार्बनी (ऑरगॅनिक) स्फटिकातली सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे खूप थंडीत विजेचा रोध शून्य होणं, शिसं-पाऱ्यातल्यापेक्षा वेगळी का मानतात. तर बघा, गणपतीत तुळशीबागेच्या बोळात शिरलात की फक्त पुढे किंवा मागेच जाता येतं, समोरच्याला टाळायला जागाच नसते, टीएमटीएसएफ नावाच्या कार्बनी रेणूच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनचं जवळपास तसंच होतं, चपटे रेणू एकावर एक रचलेले आणि इलेक्ट्रॉन मुख्यतः त्या रांगेतूनच पळतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं ढकलणं फार महत्त्वाचं ठरतं. साध्या धातूत अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात आणि त्यातूनच सुपरकंडक्टिव्हिटी येते. इथे मात्र सुपरकंडक्टिव्हिटीच्या अगदी शेजारीच चुंबकीय अवस्था असते. टीएमटीएसएफचा पीएफ६ (फॉस्फरस-फ्लोरिनचा आयन) वाला क्षार हवेच्या साध्या दाबाला साधारण १२ केल्विनखाली (उणे २६१ अंश सेल्सिअस) चुंबकीय इन्सुलेटर होतो, पण १२ हजार अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास दाब दिला की ती अवस्था मरते आणि ०.९ केल्विनला रोध शून्य! भौतिकशास्त्रज्ञ डेनिस जेरोम, रसायनशास्त्रज्ञ क्लाउस बेचगार्ड आणि सहकाऱ्यांनी हे १९८० मध्ये छापलं, पहिला ऑरगॅनिक सुपरकंडक्टर तो हाच. म्हणून जोड्या चुंबकीय चढउतारांमुळे जमत असाव्यात असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही तेच पटतं. त्यात चुंबकीय नसलेली थोडीशी अशुद्धी सुद्धा ही अवस्था बिघडवते, साध्या सुपरकंडक्टरला तिचं फारसं काही वाटत नाही, माझ्या मते हा सगळ्यात बोलका पुरावा. बीईडीटी-टीटीएफ या दुसऱ्या कार्बनी रेणूचे थरवाले क्षार तर १२ केल्विनच्या आसपासच सुपरकंडक्टर होतात, पण इलेक्ट्रॉनच्या जोडीचा नेमका आकार कसा यावर अजून वाद आहे. पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत यावर कधी लेक्चर असलं तर नक्की जा.