पर्सनल लोन नको, आधी तो चाइल्ड प्लॅन परत करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी 34, पत्नी 33, मुक्काम नाशिक. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. मला डाव्या बाजूला व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं) निघालं. डॉक्टरांनी चिरफाड न करता एम्बोलायझेशन (बारीक नळी घालून ती शीर आतून बंद करणं) सुचवलंय, पॅकेज 1 लाख 20 हजार. दोघांचा मिळून पगार 80 हजार. दोन लाखांची एफडी होती, पण बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून ती मोडून होणाऱ्या बाळासाठी चाइल्ड प्लॅन घेतला. हप्ता वर्षाला दीड लाख, दहा वर्षं; विसाव्या वर्षी 24 लाख मिळतील. पॉलिसीचा बॉण्ड घरी येऊन बावीस दिवस झाले. उपचारासाठी 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ का?"

नका घेऊ. बॉण्ड हातात पडल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमच्याकडे जेमतेम आठवडा आहे, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी मेलनेही धाडलंय. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल झालं असेल तर त्याचे पैसे कापून बाकी हप्ता परत मिळतो.

हिशेब बघा. 15 लाख भरून वीस वर्षांनी 24 लाख, म्हणजे परतावा तीन टक्क्यांच्या आसपास. मोडलेली एफडीसुद्धा याहून जास्त देत होती. वर कर्ज काढलंत तर तीन वर्षं महिना 4,100 हप्ता, व्याजच 27-28 हजार. उपचाराला लागणारे पैसे काढून घेऊन त्याच जोडप्याला न झालेल्या बाळाचा प्लॅन विकला, याचा मला संताप येतो.

आता उपचार. "यानंतर खर्च संपेल" असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, त्या भरवशावर राहू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे फरक पडला की नाही हे कळायला तीन ते सहा महिने जातात. फरक पडेलच याची हमी कुणी देत नाही, आणि रिपोर्ट सुधारला म्हणजे गर्भ राहतोच असंही नाही. वीर्यतपासणी एकदाच झाली असेल तर पुन्हा करा. व्हेरिकोसील हाताला लागतंय की फक्त डॉपलरमध्येच (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसलं, हे विचारा. नुसत्या डॉपलरवर दिसणाऱ्याला सहसा हात लावत नाहीत. मायक्रोसर्जरीचंही (सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या ऑपरेशनचंही) कोटेशन घ्या. पत्नीच्या तपासण्यांबद्दल पत्रात एक ओळ नाही. त्या आधी करा, कारण 33 व्या वर्षी वाट पाहण्यातले महिनेही मोजावे लागतात.

पॅकेजचा कागद नीट वाचा. शीर बंद करायला कॉइल (धातूच्या बारीक गुंडाळ्या) वापरतात आणि बिल फुगतं ते तिथेच. किती कॉइल धरल्यात, जास्त लागल्या तर दर काय, हे लेखी घ्या. वंध्यत्वावरचा उपचार बहुतेक मेडिक्लेममध्ये वगळलेला असतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत काही मर्यादेपर्यंत असू शकतो, तेव्हा दोघांनीही आपापल्या एचआरला विचारा. क्लेमसाठी खोटं कारण मात्र लिहू नका.

परत आलेला दीड लाख आणि एफडीतले उरलेले पन्नास हजार यांत हा उपचार बसतो, वर 80 हजार उरतात. ते स्वीप-इन एफडीत (बचत खात्याला जोडलेल्या, लागतील तेवढे पैसे काढता येणाऱ्या एफडीत) ठेवा आणि दर महिना 12-15 हजार त्यात टाका. उद्या आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) वेळ आली तर एका सायकलला दीड-दोन लाख सहज लागतात.

शाखेत गेल्यावर साहेब "निदान दोन वर्षं तरी भरा" म्हणतील. ऐकून घ्या, अर्ज द्या, आणि पोचेवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तोच अर्ज विमा कंपनीलाही मेल करा.